खाल्लेल्या भाजीचा डीएनए रक्तात उतरतो का? (बाबांच्या फॉरवर्डवरून)

मेथीची_जुडी | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, तोही विज्ञान विभागात. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे सासरे (वय ७६, महापालिकेतून निवृत्त, पेपर पेन्सिल घेऊन वाचतात) यांना कट्ट्यावरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. मजकूर साधारण असा: आपण जे खातो त्याचे अख्खेच्या अख्खे जीन न पचता थेट रक्तात उतरतात. शास्त्रज्ञांनी हजार माणसांच्या रक्तात वनस्पतींचे जीन पकडलेत. तेव्हा संकरित नि जीएम (प्रयोगशाळेत जीन बदललेलं) खाल तर तुमचं रक्तही तसंच होईल. खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण गेल्या रविवारपासून घरात सोयाबीनचे वडे बंद. बाजारातली मोठी वांगी बंद, कारण ती 'बीटी' (कीड मारणाऱ्या जिवाणूचा जीन घातलेली) आहेत. तेल फक्त घाण्याचं, तेही डोंबिवलीत कुठे मिळतं ते मीच शोधायचं. परवा मी मेथी निवडत बसले होते, तर समोर खुर्ची ओढून बसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, ही मेथी उद्या माझ्या रक्तात असेल का गं?"

हसू आलं, पण उत्तर आलं नाही. शाळेत शिकलेलं की अन्न पचतं म्हणजे त्याचे बारीक तुकडे होतात. मग शोधाशोध केली तर २०१३ चा एक खरा शोधनिबंध निघाला, 'प्लॉस वन' नावाच्या नियतकालिकातला. म्हणजे फॉरवर्ड हवेतलं नाही. आता बाबांना सांगू काय? इथे प्रयोगशाळेत काम केलेली माणसं आहेत, म्हणून विचारतेय. सोपं लिहा. मी प्रिंट काढून त्यांना देणार आहे, मोठ्या अक्षरात.

---

आंबटगोड | रात्री ९:५२

या हिशोबाने माझ्या रक्तात निम्मा वडापाव निघेल. उरलेला चहा.

(जाणकार येईपर्यंत पहिला नंबर लावून ठेवतोय.)

---

पिपेटवाली | रात्री ११:१५

जुडीताई, धागा छान. बाबांचा प्रश्न मूर्खपणाचा अजिबात नाही, यावर चांगल्या चांगल्या लोकांनी वर्षं घालवली आहेत.

आधी तो २०१३ चा निबंध. हंगेरीतला गट, सोबत अमेरिका नि डेन्मार्कमधले सहकारी. त्यांनी स्वतः कुणाला भाजी खाऊ घातली नव्हती. चार वेगवेगळ्या अभ्यासांत गोळा झालेल्या हजारावर नमुन्यांची डीएनए-वाचनं घेतली आणि त्यांत मानवी नसलेलं काय आहे ते चाळलं. वनस्पतींचे तुकडे मिळाले, त्यातही हरितलवकाचे भरपूर. ते साहजिक आहे. पानाच्या एका पेशीत केंद्रक एक, पण हरितलवकं डझनांनी आणि प्रत्येकात त्याच्या डीएनएच्या कितीतरी प्रती. मेथीतलं काही सापडायचंच असेल तर आधी तेच सापडणार. एका नमुन्यात तर वनस्पतीचा डीएनए माणसाच्या डीएनएपेक्षा जास्त निघाला! त्यावरून त्यांनी मांडलं की पूर्ण जीन मावेल एवढे मोठे तुकडे अन्नातून रक्तात येत असावेत, कसे ते माहीत नाही.

आणि पुरावा म्हणून त्यांनी एक तुलना दिली. रक्तद्रवाच्या, म्हणजे प्लाझ्माच्या नमुन्यांत वनस्पती सापडल्या, पण नाळेच्या रक्ताच्या नमुन्यात नाही. बाळाने अजून काही खाल्लेलं नसतं, म्हणून तिथे नाही. ऐकायला किती पटतं ना?

मला मात्र माझ्या आयुष्यातली हळद आठवली. उद्या लिहिते, झोप आलीय.

---

आडवा_प्रश्न | रात्री ११:४०

"झोप आलीय" वर मालिका संपवतात तसं करू नका.

तोवर माझा मुद्दा. मोठ्या कंपन्यांना न परवडणारं संशोधन निघालं की ते 'चुकीचं' ठरवायला दुसरं संशोधन लगेच हजर होतं. २०१२ च्या तांदळाच्या शोधाचं काय झालं ते बघा. सोयीचं तेवढंच सांगू नका, ही विनंती.

---

पिपेटवाली | रविवार, सकाळी ८:३०

हं, हळद.

मी तेव्हा एका प्रयोगशाळेत होते, नाव नको. काम होतं हळद पावडरीत कचोराची भेसळ आहे का ते डीएनएवरून बघायचं. नमुने सांगलीकडून यायचे, छोट्या पुड्यांत. पीसीआर म्हणजे डीएनएचा एखादा नेमका तुकडा असेल तर त्याच्या कोट्यवधी प्रती काढायची पद्धत. यात एक नियम असतो. प्रत्येक खेपेला एक नळी कोरी ठेवायची. तिच्यात सगळी रसायनं, पण नमुन्याच्या जागी नुसतं पाणी. तिला आम्ही 'ब्लँक' म्हणतो. जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे पट्ट्यांसारखे दिसतात त्या पातळ थरावर, बाकी नळ्यांच्या रांगेत पट्टे उमटले पाहिजेत आणि ब्लँकची रांग रिकामी राहिली पाहिजे.

एके दिवशी ब्लँकमध्ये पट्टा. फिकट, पण बरोब्बर हळदीच्याच जागी. म्हणजे पाण्याला हळद झाली होती.

पाणी बदललं. प्रायमर (प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) नवे मागवले. पिपेटा उघडून धुतल्या. दुसऱ्या खोलीतलं मशीन वापरलं. तीन आठवडे पट्टा काही जाईना. आमच्या सरांनी तर माझ्या डब्याकडेही संशयाने पाहिलं. शेवटी फ्रीज साफ करायला आलेल्या मावशींनी हँडलच्या आतल्या बाजूला, जिथे बोटं अडकतात तिथे, बोटाएवढा पिवळा डाग दाखवला. पुड्या फोडणारा मुलगा त्याच हाताने फ्रीज उघडायचा, मग आम्ही ग्लोव्ह घातलेल्या हाताने उघडायचो आणि तसेच टिपांच्या, म्हणजे पिपेटेला लावायच्या टोकांच्या, डब्याकडे जायचो.

आम्हाला डाग दिसला कारण ती हळद होती. तांदळाच्या पिठाचा डाग पांढऱ्या ओट्यावर कुणाला दिसलाय?

आता त्या निबंधाकडे. रक्तद्रवात मुळात डीएनए अत्यल्प असतो. पेशी काढून टाकलेल्या असतात, उरतात ते मेलेल्या पेशींचे तुकडे, मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम. पेशींसकट नमुना असेल तर माणसाचा डीएनए त्याच्या कित्येक पट. समजा, टिपेवरून, धुळीतून, किटमधून दोन्ही नळ्यांत सारखीच चिमूटभर वनस्पती पडली. वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ लगेच खारट लागतं. तेवढंच हंड्यात टाकलं तर कळतही नाही. म्हणजे बाळाने खाल्लं नव्हतं म्हणून नाळेचा नमुना स्वच्छ निघाला की तो हंडा होता म्हणून, हे त्या तुलनेवरून ठरवता येत नाही.

हे माझं डोकं नाही. २०१४ मध्ये रिचर्ड लस्क यांनी त्याच नियतकालिकात हे दाखवलं. पातळ नमुन्यांना बाहेरचा डीएनए जास्त चिकटतो, आणि कोऱ्या नळ्या ठेवल्या तरी ठळक भेसळ तेवढी पकडली जाते, बारीकसारीक आणि नळीगणिक बदलणारी निसटते. हंगेरीच्या गटाची सगळीच्या सगळी निरीक्षणं नुसत्या भेसळीतूनही येऊ शकतात, असा त्यांचा निष्कर्ष. 'येऊ शकतात' हा शब्द नीट वाचा. अन्नातला डीएनए रक्तात जाऊच शकत नाही असं यातून सिद्ध होत नाही. या पुराव्यावरून ते म्हणता येत नाही, एवढंच.

---

स्टुटगार्टी_शेव | रविवार, सकाळी ११:०५ (इथली)

पिपेटवाली, हळदीवरून आमच्या शेजारची गोष्ट सांगायलाच हवी. हाइलब्रॉन हे जर्मनीतलं शहर इथून तासाभराच्या आत.

२००७ मध्ये तिथे एका पोलीस महिलेचा खून झाला. गाडीवर एका अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जुन्या खुनांत, घरफोड्यांत, एका इंजेक्शनच्या सिरिंजवर, अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावरही. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स मिळून चाळीसेक ठिकाणी. सगळ्यात जुना माग १९९३ च्या खुनातल्या चहाच्या कपावरचा. पेपरवाल्यांनी तिला 'चेहरा नसलेली बाई' करून टाकलं, ३ लाख युरोंचं इनाम लागलं. मग २००९ मध्ये एका जळून गेलेल्या पुरुषाची ओळख पटवताना त्याच्या जुन्या कागदांवरच्या ठशांत हीच बाई निघाली, तेव्हा कुठे लोकांची ट्यूब पेटली. नमुने घ्यायचे कापसाचे बोळे कारखान्यातच एका कामगार बाईच्या हातून गेले होते. बोळे निर्जंतुक होते. पण निर्जंतुक केल्याने जंतू मरतात, डीएनए तसाच राहतो.

इतकी वर्षं पोलीस जिच्या मागे होते ती बिचारी बोळे पॅक करत होती.

---

आंबटगोड | रविवार, दुपारी ४:१०

तिला इनामातला वाटा द्यायला हवा होता.

---

सरकी_ढेप | रविवार, सायंकाळी ७:२०

मी यवतमाळ जिल्ह्यातला. माह्या शेतात २००२ नंतर दोन-तीन वर्षांतच बीटी कपाशी आली, तवापासून तीच. सरकीची ढेप गाई-म्हशीले चारतो. सरकीचं तेल तुमच्या फरसाणात जाते बाप्पा, तुम्हाले मालूम नसते एवढंच. मंग त्या बीटीचा जीन गाईच्या रक्तात, तिथून दुधात अन् तिथून बाबांच्या चहात, असं होते का नाही? कोणी कोऱ्या नळीचं सांगून उडवून देऊ नका. आम्ही रोज हात घालतो त्याच्यात.

---

पिपेटवाली | रविवार, रात्री १०:००

सरकीदादा, उडवून देत नाही. उलट जनावरांच्या बाबतीत बाजू जरा तुमच्याकडे झुकते.

२००१ मध्ये जर्मनीत बीटी मका घातलेल्या गाई आणि कोंबड्या तपासल्या. हरितलवकाचे छोटे तुकडे, म्हणजे जेमतेम २०० अक्षरांचे (डीएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो), गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत आणि कोंबडीच्या मांसात मिळाले. बीटीचा जीन मिळाला नाही. कारण तेच, हरितलवक प्रतींच्या संख्येत कितीतरी पुढे. म्हणजे गायीने चारा खाल्ला तर चाऱ्याचे भुसा झालेले तुकडे थोडेफार आत जातात, हे मी मान्य करते. पण आतड्याला बीटीचा जीन आणि गवताचा जीन यांतला फरक कळत नाही, दोन्ही त्याच चार अक्षरांचे. बीटी आतड्यातून पार होत असेल तर कडबाही होतो आणि आपल्या आजोबांच्या गाईलाही होत होता.

तेलाचं म्हणाल तर रिफाइंड तेलात डीएनए जवळजवळ उरतच नाही. तो पाण्याच्या बाजूचा पदार्थ, प्रथिनांसोबत ढेपेत राहतो. म्हणजे बाबांनी घाण्याचं तेल खुशाल चवीसाठी घ्यावं, जीनसाठी नको. त्या हिशोबाने रिफाइंडच जास्त 'शुद्ध' निघेल!

---

डॉ_निवांत | रविवार, रात्री १०:४५

थोडी भर. परक्या डीएनएचे तुकडे रक्तात फिरणं ही कल्पना वैद्यकाला नवी नाही. १९९७ मध्ये डेनिस लो यांनी दाखवलं की गर्भारपणात बाळाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तद्रवात असतात. आज गर्भाची डाउन सिंड्रोमची प्राथमिक चाचणी आईच्या दंडातून रक्त घेऊन होते ती त्याच्याच जोरावर. आणि बाळंतपण झालं की ते तुकडे किती भराभर जातात? निम्मे व्हायला सरासरी १६ मिनिटं. रक्तात डीएनए कापणारी विकरं असतात, यकृत आणि मूत्रपिंडं आहेतच. बाळाचा, म्हणजे माणसाचाच, डीएनए शरीर असा झाडून काढतं, तिथे मेथीचे काय लाड होणार?

आणि आत येण्याआधीचा प्रवास बघा. माणूस दिवसाला साधारण ०.१ ते १ ग्रॅम डीएनए-आरएनए खातो. जठरातलं आम्ल, मग स्वादुपिंडातून येणारी कापाकापीची विकरं. न्यूकॅसलच्या गटाने २००४ मध्ये फार चांगला प्रयोग छापला. सात जण असे, ज्यांचं मोठं आतडं काढलेलं, लहान आतडं पोटावरच्या पिशवीत उघडतं. त्यांना जीएम सोयाचा बर्गर आणि शेक दिला. लहान आतड्याच्या शेवटाला एका माणसात ३.७ टक्क्यांपर्यंत तो जीन शाबूत मिळाला. आतडं पूर्ण असलेल्या बारा जणांच्या शौचात मात्र काहीच नाही. म्हणजे 'जठरात सगळं संपतं' हे शाळेतलं वाक्य तंतोतंत खरं नाही, आणि फॉरवर्ड तर त्याहून नाही.

उंदरांत कोलोनच्या वॉल्टर डोरफ्लर यांच्या गटाने १९९४ ला विषाणूचा शुद्ध डीएनए पाजून पाहिला. रक्तात ०.०१ ते ०.१ टक्के, तोही तुकड्यांत, काही तासांपुरता. पुढे १९९७ मध्ये त्याच गटाने काही तुकडे उंदराच्या डीएनएला जोडले गेल्याचाही दावा केला. तो दावा मी टाकून देणार नाही, पण त्यावर भाजी बंद करणार नाही.

---

आडवा_प्रश्न | सोमवार, सकाळी ९:१५

चला, हे प्रामाणिक वाटलं. आता तांदळाचं बोला, कारण तिथे नुसतं 'सापडलं' नाही, तिथे 'केलं' असा दावा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नानजिंग विद्यापीठाच्या गटाने 'सेल रिसर्च'मध्ये छापलं की भातातला एक सूक्ष्म आरएनए (डीएनएसारखाच, पण जीनचं काम दाबू शकणारा छोटा रेणू), एमआयआर १६८ए, चिनी लोकांच्या रक्तात मिळाला आणि तो उंदरांच्या यकृतात एका प्रथिनाचं काम दाबून वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. भात खाणाऱ्या अर्ध्या जगाचा प्रश्न! आणि लगेच २०१३ ला त्याचं खंडन आलं, तेही कुणाकडून? मोन्सँटो या बियाणे कंपनीच्या शास्त्रज्ञांकडून. आरएनए वापरून कीडरोधक पिकं काढणारी कंपनी म्हणते अन्नातला आरएनए रक्तात जात नाही. वा!

---

पिपेटवाली | सोमवार, दुपारी १:३०

तुमचा हा आक्षेप मला मान्य आहे. त्या निबंधात लेखक त्या कंपनीचे आणि एका औषध कंपनीचे होते, आणि ते नजरेत ठेवूनच वाचायला हवं. पण म्हणून तो आकडा खोटा होत नाही, फक्त दुसऱ्या कुणीतरी मोजायला हवा. मोजला. त्याच वर्षी हार्वर्डकडच्या एका गटाने फळं खाणाऱ्या खेळाडूंचं रक्त पाहिलं, उंदीर पाहिले, मधमाश्याही पाहिल्या. जवळपास काही नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने माकडांना वनस्पतींचं पेय पाजून रक्त तपासलं. तिथेही खात्रीचं काही नाही. यांचा बियाण्याशी संबंध नव्हता.

कंपनीच्या निबंधातला सगळ्यात उपयोगी भाग मला वेगळाच वाटतो. त्यांनाही भात खाणाऱ्या उंदरांत कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं. मग त्यांनी दाखवलं की नुसता भात खाल्ल्याने आहारातला समतोल बिघडतो आणि तेवढ्याने ते वाढतं. उंदराला आठवडाभर नुसता भात घाला, बिघडेल नाही तर काय! यासाठी सूक्ष्म आरएनए कशाला हवा?

शिवाय संख्या. सूक्ष्म आरएनएला पेशीत काही करून दाखवायचं तर पेशीमागे शंभराच्या घरात प्रती लागतात, असा ढोबळ अंदाज आहे. हार्वर्डच्या मोजणीत पेशीमागे एकही भरत नव्हती. हत्तीच्या पाठीवर एक डास बसला तर हत्ती वळत नाही.

पण नानजिंगच्या लोकांना वेड्यात काढू नका. वनस्पतींच्या सूक्ष्म आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते, माणसाच्या सूक्ष्म आरएनएला नसते. त्या टोपीवर त्यांनी चाचणी लावून 'हा वनस्पतीचाच' हे दाखवलं होतं. हुशारीचं काम. फक्त 'वनस्पतीचा आहे' यावरून 'पोटातून आला' हे ठरत नाही. हळद हळदच होती, पण ती नळीत फ्रीजच्या हँडलवरून आली होती. २०१७ मध्ये आठशेवर मानवी नमुन्यांची माहिती चाळणाऱ्या गटाला असे परके आरएनए मेंदूच्या द्रवातही तितकेच सापडले जितके आतड्याशी संबंध असलेल्या नमुन्यांत. अन्नातून आले असते तर आतड्याकडे जास्त हवेत ना? आणि त्यांत उंदरा-घुशींचे खूप होते. आता माणसं उंदीर खातात की प्रयोगशाळेत उंदीर असतात, ते तुम्हीच ठरवा.

---

आडवा_प्रश्न | सोमवार, दुपारी २:०५

उंदीरवाला मुद्दा आवडला. मानलं. पण मी तुमच्या बाजूला आलो असं समजू नका. बीटी वांग्याबद्दल अजून एक: कॅनडात २०११ मध्ये गर्भवतींच्या रक्तात बीटी प्रथिन सापडल्याचं आलं होतं.

---

पिपेटवाली | सोमवार, दुपारी २:४०

प्रथिन. जीन नाही, हा पहिला फरक. दुसरं, वापरलेलं किट पिकाच्या पानाबियांत ते प्रथिन आहे का हे बघायला बनलेलं, माणसाच्या रक्तासाठी पारखलेलं नव्हतं. पेट्रोलपंपावरच्या मापाने दूध मोजल्यासारखं. आकडा येईल, पण तो कशाचा?

आणि बाबांच्या वांग्याबद्दल: भारतात बीटी वांगं विकायची परवानगीच नाही. जालन्याच्या कंपनीने ते तयार केलं, पण फेब्रुवारी २०१० मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना त्याला स्थगिती दिली, ती आजवर उठलेली नाही. मोठं, चकचकीत वांगं म्हणजे बीटी असं काही नसतं. ते बहुधा संकरित असतं, म्हणजे दोन वांग्यांचं लग्न लावलेलं. जीएम आणि संकरित हे फॉरवर्डवाले एकाच पोत्यात घालतात.

---

आडवा_प्रश्न | सोमवार, दुपारी ३:००

परवानगी नाही म्हणजे शेतात नाही, असं नव्हे. २०१९ ला हरियाणात फतेहाबादला बेकायदा बीटी वांगी सापडली होती. फक्त नोंद करून ठेवतो.

---

सरकी_ढेप | सोमवार, रात्री ८:३०

अन् त्याच वर्षी आमच्या अकोल्याकडं परवानगी नसलेली कपाशी शेतकऱ्यांनी उघड लावली होती, आंदोलन म्हणून. कागदावरचं वायलं अन् वावरातलं वायलं. पण ताईचं गवताचं बोलणं पटलं. गाय तर जन्मापासून गवत खाते, गवत काही झाली नाही.

---

रसधातू | सोमवार, रात्री ९:१०

हे सगळं आयुर्वेदाने केव्हाच सांगितलंय. आहारापासून रस, रसापासून रक्त. पाश्चात्त्यांना आत्ता कळतंय.

---

डॉ_निवांत | सोमवार, रात्री ९:२५

रसापासून रक्त म्हणजे अन्नाचं रूपांतर होऊन रक्त. ज्वारी ज्वारीच राहून रक्तात फिरते असं त्यात कुठे आहे? उलट तो पचनाच्याच बाजूचा पुरावा धरता येईल. गंमत करतोय, भांडण नको.

---

मेथीची_जुडी | मंगळवार, रात्री १०:३०

मंडळी, दंडवत! चौदा पानांचं प्रिंट झालं. बाबांनी दोन दिवस वाचलं, समासात पेन्सिलीने खुणा आहेत. हळदीच्या गोष्टीखाली दोन रेघा. हाइलब्रॉनपुढे 'अरेरे'.

त्यांचे दोन प्रश्न जसेच्या तसे:

"टायफॉइडचे जंतू दूषित पाण्यातून पोटात जातात आणि पुढे रक्तात सापडतात, हे मला स्वतःला १९७१ साली झालेलं आहे. जंतू एवढा मोठा असून जाऊ शकतो, तर मेथीचा एवढासा जीन का नाही?"

"समजा गेला. मग तो माझा झाला का?"

---

डॉ_निवांत | मंगळवार, रात्री ११:१०

पहिला प्रश्न भारी आहे, बाबांना नमस्कार सांगा. टायफॉइडचा जंतू जिवंत असतो. तो आतड्याच्या भिंतीत स्वतःहून शिरतो, पेशींच्या आत लपतो, वाढतो. त्याच्याकडे घरफोडीची हत्यारं आहेत. शिजवलेल्या मेथीचा डीएनए म्हणजे फाटलेला कागद. वाऱ्याने एखादा कपटा दारातून आत येईल, पण तो कुलूप तोडत नाही आणि आत आल्यावर पिल्लं घालत नाही.

---

पिपेटवाली | मंगळवार, रात्री ११:३५

दुसऱ्याचं मी घेते. रक्तात असणं म्हणजे रक्ताचं होणं नव्हे. बाबांच्या तांबड्या पेशींना तर केंद्रकच नसतं, तिथे जीन ठेवणार कुठे? पांढऱ्या पेशीने तुकडा गिळला तर तो बहुतेक कचरा म्हणून गिळलेला असतो. तिथून सुटून केंद्रकात जायचं, आपल्या डीएनएच्या साखळीत जोडलं जायचं, आणि मग पेशीने ते वाचायलाही हवं. हरितलवकाचे जीन वाचायची सुरुवातीची खूणच आपल्या पेशीला ओळखू येत नाही, ती जिवाणूंच्या धाटणीची असते. मोडी लिपीतला कागद इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या दप्तरात घातल्यासारखं. कागद दप्तरात आहे, पण तो पोरगा वाचणार काय?

आणि एवढं सगळं एखाद्या पेशीत घडलंच तरी ती एक पेशी. आज ना उद्या तीही जाते.

---

आंबटगोड | बुधवार, सकाळी ७:५०

बाबांना सांगा, वडे सुरू करा. माझा वडापाव माझ्यात अजून प्रकट झालेला नाही, वीस वर्षं वाट बघतोय.

---

मेथीची_जुडी | शुक्रवार, दुपारी १२:१५

शेवटची बातमी देते. सोयाबीनचे वडे परत सुरू झाले. वांग्यावर अजून विचार चालू आहे (आडवा_प्रश्न, तुमच्या फतेहाबादमुळे!). मेथीला मात्र पहिल्यापासूनच माफी होती, आवडते म्हणून.

आज सकाळी साखरेच्या तपासणीसाठी रक्त न्यायला मुलगा आला होता. दंडाला पट्टा बांधला, सुई टोचली, एक नळी भरली. बाबा शांतपणे बघत होते. तो उठायला लागला तर त्याला थांबवून म्हणाले, "एक कोरी नळी नाही नेत? नुसत्या पाण्याची?"

तो पोरगा दोन मिनिटं बघतच राहिला. मग पावतीपुस्तक काढून म्हणाला, "काका, पाण्याची टेस्ट वेगळी होते. तिचे चारशे एक्स्ट्रा."